खोडदची दुर्बीण आणि नाशिकची आगगाडी



नाशिकहून पुण्याला आगगाडीने जायचे तर कल्याणचा किंवा मनमाड-दौंडचा वळसा घ्यावा लागतो. एस.टी. मात्र सिन्नर, संगमनेर, नारायणगाव अशी सरळ जाते. त्याच दिशेने सुमारे 235 किलोमीटरचा लोहमार्ग टाकण्याची योजना निघाली, तेव्हा आम्हा नाशिककरांना आनंद झाला. पुढे 2025 मध्ये रेल्वे खात्याने सांगितले की, हा मार्ग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीजवळून जातो, म्हणून तो तसा नेता येणार नाही. गाडी अहिल्यानगर, शिर्डीकडून न्यावी लागेल. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : त्या जाळीच्या छत्र्यांसाठी आमची गाडी अडवायची?

प्रश्न रागाचा असला तरी रास्त आहे. म्हणून आधी त्या छत्र्या काय करतात ते पाहू.

नारायणगावजवळच्या खोडद परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 छत्र्या उभ्या आहेत. काही एकमेकींजवळ, तर बाकीच्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकात ही दुर्बीण उभी राहिली. हीच जागा निवडण्याचे एक मोठे कारण म्हणजे शहरांपासूनचे अंतर आणि भोवतालचे डोंगर. रेडिओलहरींच्या दृष्टीने इथे शांतता होती.

आकाशात स्पंदक नावाचे तारे आहेत. सूर्यापेक्षा अधिक वस्तुमान, पण व्यास जेमतेम 20 किलोमीटर! काही स्पंदक सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात आणि दर गिरकीला रेडिओलहरींचा एक ठोका आपल्याकडे पाठवतात. हे ठोके उत्तम घड्याळासारखे नियमित असतात. आता आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे एखादी गुरुत्वीय लहर वाटेतून गेली, तर अवकाश किंचित ताणले जाते आणि ठोका थोडा लवकर किंवा उशिरा पोचतो. थोडा म्हणजे किती? सेकंदाच्या एक कोट्यंश भागाच्या आसपास.

2015 मध्ये अमेरिकेत लायगो यंत्रांनी पकडलेली पहिली गुरुत्वीय लहर सेकंदाच्या पाचव्या भागात निघून गेली. स्पंदकांवरून कळणाऱ्या लहरी वेगळ्या. प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना त्या निघत असाव्यात, आणि त्यांच्या एका शिखरापासून दुसरे शिखर पोचायला कित्येक वर्षे लागतात. जून 2023 मध्ये जगातल्या अनेक गटांनी अशा लहरींचा पुरावा मिळाल्याचे जाहीर केले. (पुरावा म्हणतो, पक्की सिद्धता अजून व्हायची होती.) युरोपीय गटाजवळ सुमारे 25 वर्षांची निरीक्षणे होती आणि त्यांना जोड मिळाली ती खोडदच्या साडेतीन वर्षांच्या निरीक्षणांची. ताऱ्यांमधल्या विरळ इलेक्ट्रॉनांमुळेही ठोके रेंगाळतात. हा उशीर कमी कंप्रतेच्या लहरींत जास्त दिसतो, आणि खोडदची दुर्बीण नेमकी याच लहरी उत्तम टिपते. म्हणून तो मोजून हिशेबातून वजा करता येतो.

हे सगळे काम अतिशय मंद संकेतांवर चालते. चंद्रावर एक चालू मोबाइल ठेवला, तर तोसुद्धा या दुर्बिणीला आकाशातल्या ठळक स्रोतांपैकी एक वाटेल. मग विजेची गाडी, तिच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या, संदेशयंत्रणा आणि डब्यातले शेकडो मोबाइल शेजारून गेले तर काय होईल?

माझे मत असे की, लोहमार्ग वळवावा. गाडीला लागणारा जादा वेळ वेगवान इंजिनाने थोडाफार भरून काढता येईल. निरीक्षणातली बिघडलेली पाच वर्षे मात्र कोणत्याही किमतीला परत मिळत नाहीत.

पण एवढे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. दुर्बीण काही काल उभी राहिलेली नाही. नकाशावर पहिली रेघ ओढली तेव्हाच ही अडचण विचारात घ्यायला हवी होती. लोकांना आशा लावून मग ‘शास्त्रज्ञांची हरकत आहे’ म्हणायचे, यात विज्ञानाचेच नाव खराब होते. शिवाय वळशाचा तोटा साऱ्या जगाचा नाही, तो संगमनेर-जुन्नरच्या टोमॅटो, कांदा पिकवणाऱ्यांचा आहे. ज्ञान सर्वांचे असेल, तर त्याची किंमत त्यांच्याच माथी का? त्यांना चांगले रस्ते, शीतगृहे, जवळच्या स्थानकापर्यंत स्वस्त वाहतूक मिळालीच पाहिजे. आणि किती अंतरावर किती गोंगाट होतो, आडोसा करून तो किती घटतो, हे आकडे सोप्या मराठीत गावोगाव मांडले गेले पाहिजेत.

हा प्रश्न खोडदपुरता नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. तिच्या 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांना रेडिओशांतता नव्हे, तर जमिनीची शांतता लागेल. जड मालमोटारी, दगडखाणीचे सुरुंग, सारे तिला जाणवणार. तिथल्या शेतकऱ्यांशी हे बोलणे आत्ताच व्हायला हवे, पुढचा एखादा रस्ता नकाशावर आखला जाण्याआधी.