गणिताची पदवी आणि कर्जाचें खत

हल्लीं बारावीचा निकाल लागला कीं पारनेर तालुक्यांतील घराघरांतून एकच बोलणें निघतें. पोर हुशार आहे, गणितांत गोडी आहे, बी.एस्सी. करावयाचें म्हणतें; मग पुण्यास पाठवावें कीं काय? पैसा कोठून आणावा? कोणीतरी सांगतो, बँक शिक्षणासाठीं कर्ज देते, काढा. पोराचें गणित चांगलें, परंतु त्याच्या शिक्षणाचें गणित घरांत कोणी मांडीत नाहीं. तें आज आम्ही मांडतों.

कर्ज आमच्या तालुक्यास नवें नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत भीमथडींतील सुप्यास (तें सुपें वेगळें, आपल्या तालुक्यांतलें नव्हे) कुणब्यांनीं उठाव केला आणि थोड्याच दिवसांत तो पारनेर, श्रीगोंदें, कर्जत या बाजूस पसरला. त्यांचा रोख माणसांपेक्षां खतांवर होता. सावकाराच्या घरांतून खतें बाहेर काढून त्यांनीं तीं जाळलीं. पुढें १८७९ च्या कायद्यानें खताच्या मागें जाऊन मूळ हिशेब तपासण्याची मुभा कोर्टास मिळाली. ज्यांनीं अंगठे उठविले होते त्यांना खत वाचतां येत नव्हतें. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें रयतेच्या शिक्षणाचें गाऱ्हाणें मांडलें तें याच काळांत. आतां शिक्षणासाठींच खत लिहून द्यावें लागतें; तें तरी वाचून द्यावें.

समजा, दर वर्षास एक लाख याप्रमाणें तीन वर्षांत तीन लाख उचलले आणि व्याज शेंकडा १० धरलें. शिकत असतांना व पुढें एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतें. पहिल्या लाखाचें चार वर्षांचें ४० हजार, दुसऱ्याचें ३० हजार, तिसऱ्याचें २० हजार. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हां देणें ३ लाख ९० हजार झालेलें असतें. तें दहा वर्षांत फेडावयाचें तर महिन्यास सुमारें ५,१५४ रुपये, आणि एकंदर भरणा ६ लाख १८ हजारांवर. घेतले तीन, दिले सहा! हा सावकारी दर नव्हे, बँकेचा सरळ हिशेब आहे. शिवाय कर्जावर बापाची सही सहकर्जदार म्हणून असते. हप्ता दर महिन्याचा. कांदा मात्र वर्षांतून एकदोनदां बाजारांत जातो, आणि त्याचा भाव कोणाच्या हातीं नाहीं.

आतां मिळकत पाहूं. गणिताच्या पदवीवाल्यास आपल्याकडे पहिली वाट दिसते ती मास्तरकीची. पण हायस्कुलांत शिकवावयास बी.एड. लागतें, आणि २०१५ पासून तें दोन वर्षांचें झालें आहे. बँकेची सवड एका वर्षाची, बी.एड. दोन वर्षांचें, मुदत वाढवून मागितली नाहीं तर मुलगा वर्गांत बसला असतांनाच बापाच्या दारीं हप्त्याचा निरोप येतो. नंतर अभियोग्यता परीक्षा, जागांची वाट पाहणें, आणि जागा मिळाली तरी पहिलीं तीन वर्षें शिक्षणसेवक. २०२३ सालीं सरकारनें माध्यमिक शिक्षणसेवकाचें मानधन १८ हजार केलें. त्यांतून हप्ता गेला कीं १२,८४६ उरतात. त्यांत भाडें, खाणें, आणि घरीं पाठवावयाचें काय?

यावरून गणित शिकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. देवळालीच्या शाळेंत शिकविणारे द. रा. कापरेकर नुसते बी.एस्सी. होते, त्यांनीं ६१७४ या संख्येचा शोध १९४९ सालीं लावला. विद्या थोर आहेच. आमचें म्हणणें खर्चाविषयीं आहे. गणितास प्रयोगशाळा लागत नाहीं. फळा, खडू, चांगला शिक्षक आणि वेळ एवढें पुरतें. मग पहिल्या पदवीसाठीं शहरांतील खोलीचें भाडें कर्जानें कां भरावें? पारनेरांतच न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेज आहे. पुणें विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेस कर्मवीर भाऊरावांचें नांव आहे, तें उगीच नव्हे. बारावींत अगदीं वरचे गुण असतील तर मूलभूत विज्ञानासाठीं वर्षास ८० हजारांची इन्स्पायर शिष्यवृत्ति आहे. बेंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत प्रवेश परीक्षेनें निवडलेल्या मुलांस उलट विद्यावेतन मिळत आलें आहे. आणि एम.एस्सी. करून नेटची कनिष्ठ संशोधनवृत्ति मिळविली तर २०२३ पासून ती महिन्यास ३७ हजार आहे. या परीक्षांचे अर्ज आमच्या खेड्यांतून जातच नाहींत, कारण त्यांचीं नांवेंच कोणी सांगत नाहीं. हायस्कुलांतील मास्तरांनीं हीं नांवें फळ्यावर लिहून ठेवावींत.

कर्ज घ्यावयाचेंच असेल तर तें शेवटच्या टप्प्यासाठीं राखावें, एम.सी.ए. किंवा तत्सम शिक्षण, ज्यानंतर पगार लवकर हातीं येतो. साडेसात लाखांपर्यंत तारण मागावयाचें नाहीं अशी हमी योजना आहे. म्हणून कोणी जमिनीचा उतारा मागितला तर नियम दाखवावा, उतारा नव्हे.

एक गोष्ट मात्र फार वाईट दिसते. एका घरांत दोन पोरें असलीं कीं कर्ज मुलाच्या नांवें निघतें आणि मुलीस सांगतात, तूं डी.एड. कर नाहींतर घरीं बस. गणितांत तिचे गुण जास्त असले तरी! हिशेबच करावयाचा तर तो गुणांवर करावा.

आणि सरकारासही आमचें मागणें आहे. गरीब घरांस सवडीच्या काळांतील व्याज माफ करण्याची केंद्राची योजना तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणापुरतीच ठेवली आहे. इंजिनियराचें व्याज सरकार भरणार आणि त्या इंजिनियरास गणित शिकविणाऱ्याचें त्याच्या बापानें भरावें, हा कोठला न्याय? साध्या बी.एस्सी.सही ती सवलत लागू करावी, आणि बी.एड. पुरें होईपर्यंत हप्ता न मागण्याचा नियमच करावा, म्हणजे बापास बँकेंत हात जोडून उभें राहावें लागणार नाहीं.