फिटच्या गोळ्या, गरोदरपण आणि बाळाच्या कॅन्सरची भीती

फिट (आकडी, अपस्मार) येणाऱ्या मुलीला दिवस राहिले की घरचे विचारतात, "या गोळ्यांचा बाळाला त्रास होणार नाही ना?" आता त्यात कॅन्सरच्या भीतीची भर पडली आहे. घाबरून गोळ्या बंद करण्याआधी हे वाचा.

अभ्यासात काय दिसले?

डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमधील नोंदींवरचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये 'जामा न्यूरॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. ज्या मातांनी फिटच्या गोळ्या घेतल्या, पण जास्त मात्रेचे फॉलिक ॲसिड घेतले नाही, त्यांच्या मुलांत कॅन्सरचा धोका वाढलेला नव्हता. वाढ दिसली ती फिटचा आजार असून जास्त मात्रेचे फॉलिक ॲसिड (सरासरी ४.३ मिलिग्रॅम) घेतलेल्या मातांच्या मुलांत. त्यांतही ५,९३४ पैकी १८ मुलांना कॅन्सर झाला, म्हणजे हजारी सुमारे तीन. फॉलिक ॲसिडमुळेच तो झाला, असे यातून सिद्ध होत नाही.

मग फॉलिक ॲसिड सोडायचे का?

नाही. बाळाच्या मेंदूतील आणि मणक्यातील व्यंग टाळण्यासाठी ते लागते. प्रश्न मात्रेचा आहे. दुकानातली नेहमीची गोळी ५ मिलिग्रॅमची असते. सरकारी लाल लोहगोळीत अर्धा मिलिग्रॅम असते. अमेरिकेतील २०२४ च्या मार्गदर्शक सूचना रोज किमान ०.४ मिलिग्रॅम सांगतात. तुम्हाला किती हवे, हे डॉक्टरांना विचारा.

जास्त काळजी कशाची?

सोडियम व्हॅल्प्रोएटची. गरोदरपणात ते घेतल्यास शंभरातील सुमारे दहा बाळांना जन्मजात व्यंग असू शकते. तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येऊ शकतात. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम तुलनेने सुरक्षित आहेत. म्हणून औषध बदलायचे ते दिवस राहण्याआधी. आधीच दिवस राहिले असतील तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, पण गोळी स्वतःहून थांबवू नका. अचानक थांबवल्यास मोठी फिट येऊन आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

बाळंतपणाला माहेरी येताना

मुंबईहून मालवण-देवबागला येताना फाइल आणि महिनाभर पुरतील एवढ्या गोळ्या आणा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथे फिटचा आजार आवर्जून सांगा. फिट आली, तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि १०८ ला फोन करा.