दहा कोटी वर्षांचा खेकडा आणि दोन वर्षांचे माप

उत्तर स्पेनमधील नाव्हारा प्रांतात कोस्कोबिलो नावाची एक सोडून दिलेली दगडाची खाण आहे. तिच्या चुनखडकात सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील प्रवाळभित्ती गोठून राहिली असून खेकडे व त्यांचे आप्तगण यांच्या 36 प्रजाती तेथून नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतच ‘क्रेटामाजा ग्रॅन्युलाटा’ हा कोळी-खेकडा होता. आदिएल क्लोम्पमाकर यांनी 2013 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा तोवर ज्ञात असलेल्या कोळी-खेकड्यांत तो सर्वांत प्राचीन ठरला.

वृत्तपत्रांत अशी हकिकत ‘नवा खेकडा सापडला’ एवढ्यावर संपते. वस्तुतः सापडणे हे हातोड्याचे काम, ते एखाद्या दुपारी आटोपते; परंतु सापडलेले नवे आहे हे सिद्ध करण्यासाठी सुईसारख्या हत्याराने कणाकणाने खडक दूर करावा लागतो, बारकावे उठून दिसावेत म्हणून छायाचित्रापूर्वी नवसागर तापवून त्याच्या धुराचा पांढरा थर पाठकवचावर बसवावा लागतो, आणि मग कपाळाच्या टोकातून फाकत जाणारे दोन काटे, कवचाच्या कडांवरचे काटे, पृष्ठभागावरचे रवाळ उंचवटे यांची आजवर वर्णिलेल्या प्रत्येक जवळच्या प्रजातीशी तुलना करावी लागते. त्यातून खेकडा हा वारंवार कात टाकणारा प्राणी; तेव्हा हाती आलेले कवच मृत जिवाचे की टाकलेल्या कातेचे, पिल्लाचे की प्रौढाचे, नराचे की मादीचे, याचा निवाडा केल्यावाचून पुढे जाता येत नाही. नपेक्षा बाप आणि लेक निरनिराळ्या नावांनी दप्तरी दाखल व्हायचे! खेकड्याच्या डिंभाला ‘झोइआ’ नावाचा स्वतंत्र प्राणी समजण्याची चूक मोठमोठ्या प्राणिशास्त्रज्ञांनी पूर्वी केलेलीच आहे.

एवढ्या खटाटोपाची किंमत मात्र विद्यापीठांच्या दरबारी फारशी नाही. संशोधकाची नेमणूक वा बढती ठरविताना त्याचे लेख ज्या नियतकालिकांत आले त्यांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ पाहण्याचा प्रघात पडला आहे; आणि मागील दोन वर्षांतील लेखांचा इतरांनी किती वेळा आधार घेतला यावर तो आकडा काढला जातो. प्रजातिवर्णनाचे आयुष्य दोन वर्षांच्या मापात कसे बसावे? प्राण्यांच्या नामकरणाचे नियम 1758 पर्यंत मागे जातात, आणि ज्याने नाव आधी प्रसिद्ध केले त्याचा हक्क सामान्यतः अबाधित राहतो. म्हणजे जमिनीच्या व्यवहारात जसा जुना फेरफार उकरावा लागतो, तसे येथे शतकापूर्वीचे वर्णन उघडणे अपरिहार्य असते. प्राचीन सागरांतील जीवविविधता केव्हा वाढली, केव्हा घटली यासंबंधीचे जे भव्य आलेख आपण कौतुकाने पाहतो, त्यांतील प्रत्येक बिंदूखाली कोणीतरी असेच नवसागराचा धूर देत बसलेला असतो. त्या कष्टाला दुय्यम लेखून आलेखालाच तेवढे संशोधन म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आणखी एक. मूळ नमुना कोणत्या संग्रहात ठेवणार हे आता वर्णनात लिहावेच लागते, पण तो संग्रह सार्वजनिकच असावा असा दंडक नाही; तो असायला हवा, कारण खाजगी कपाटातल्या दगडावरून फेरतपासणी होत नाही.

हा केवळ परदेशचा प्रश्न नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील फर्डिनांड स्टोलिच्का यांनी सिंध व कच्छ येथील जीवाश्म खेकड्यांचा अभ्यास 1871 साली प्रसिद्ध केला, आणि तीनच वर्षांनी यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखच्या वाटेवर ते निवर्तले. आज कच्छच्या खडकात कोणाला एखादे अनोळखी पाठकवच मिळाले, तर ते नवे म्हणण्यापूर्वी त्याला स्टोलिच्कांचीच पाने उलटावी लागतील.