चुंबक रोग दाखवतो, बरा करत नाही

"डॉक्टर, गुडघ्याला चुंबकाचा पट्टा बांधू का?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. चुंबकाचे कडे, चुंबकाची गादी, चुंबकावर ठेवलेले पाणी असे नाना प्रकार यात्रेतल्या पालापासून घरोघर फिरणाऱ्या विक्रेत्यांपर्यंत सगळीकडे मिळतात. रक्तात लोह असते, चुंबक ते ओढतो, रक्ताभिसरण वाढते आणि दुखणे पळते, असे सांगितले जाते. ऐकायला हे पटते. पण त्यात तथ्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्तातले लोह म्हणजे खिळ्यातले लोखंड नव्हे. हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू रासायनिक बंधनात जखडलेला असतो. प्राणवायू घेतलेल्या रक्ताला चुंबक ओढत तर नाहीच, उलट किंचित दूर लोटतो. प्राणवायू नसलेल्या रक्ताला तो ओढतो, पण तेही नाममात्र. पॉलिंग आणि कोरिएल या शास्त्रज्ञांनी १९३६ सालीच हे दाखवून दिले.

याचा मोठा पुरावा एमआरआयच्या खोलीत आहे. आपल्या जिल्ह्यातले अनेक रुग्ण या तपासणीसाठी सोलापूर किंवा लातूर गाठतात. तेथील यंत्रांचा चुंबक साधारणपणे १.५ टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ३० हजार पटींहून अधिक जोरदार असतो. त्यात अर्धा तास पडून राहिल्याने कोणाची सांधेदुखी गेली नाही. मग बोटभर जाडीच्या पलीकडे ज्याचा जोर उरत नाही, त्या पट्ट्याने ती कशी जाईल?

मग हा चुंबक करतो काय? शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. त्याचे अणुगर्भ चुंबकात एका दिशेने वळतात, पण १० लाखांत जेमतेम ५ इतकेच जास्त. रेडिओलहरी सोडल्या की ते अतिशय क्षीण संकेत देतात. १९५१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्कोहोलमधले हायड्रोजन तीन वेगवेगळे संकेत देतात, असे दिसून आले. त्या संशोधनात एस. एस. धर्मट्टी हे भारतीय शास्त्रज्ञ होते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी हेच काम रुजवले.

हा क्षीण संकेत वाढवण्यासाठीच चुंबक जोरदार लागतो, तपासायच्या अवयवाला चिकटून कॉइल ठेवतात आणि तीच मोजणी पुन्हा पुन्हा घेतात. म्हणून वेळ लागतो आणि "हलू नका" असे बजावतात. कधी गॅडोलिनियमचे इंजेक्शन देतात, त्याने गाठ किंवा सूज उठून दिसते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते आधी सांगितलेच पाहिजे.

ज्याला खऱ्या चुंबकाची ताकद कळते, तो त्याला जपून असतो. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण यंत्राकडे ओढला गेला आणि दगावला. तो रुग्ण नव्हता, रुग्णासोबत आला होता. हा चुंबक तपासणी चालू नसतानाही जागाच असतो. तेव्हा नातेवाइकांनीही साडीची पिन, किल्ल्या, घोड्याच्या नालेची अंगठी, करदोट्यातले लोखंड बाहेरच काढून ठेवावे. दागिने, श्रवणयंत्रही उतरवावे. शरीरात पेसमेकर, सळई किंवा क्लिप असेल, वेल्डिंगचे काम करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर न विचारताही सांगावे. पेसमेकर असलेल्याने चुंबकाचा पट्टा छातीजवळ नेऊच नये. पेसमेकरचे काम त्याने बिघडू शकते.

पट्टा बांधून हात सहसा मोडत नाही, हे खरे. नुकसान होते ते वेगळे. गादीपायी घरचे हजारो रुपये जातात आणि तिच्या भरवशावर मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या बंद होतात. वाचकहो, गोळ्या स्वतःहून बंद करू नका. गुडघा दुखत असेल तर आधी तपासून घ्या, वजन आटोक्यात ठेवा, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम शिकून घ्या. आणि पुढचा विक्रेता दारात आला, तर त्याला एवढेच विचारा, की एमआरआयमधून बाहेर येणारे सगळे बरे होऊन का येत नाहीत?