ब्लँकेट दिलं, हिशोब कधी मागणार?

३० जुलै २०१४ला माळीणवर डोंगर कोसळला, तेव्हा मी निरगुडसरला नववीत होतो. तालुका एकच, आंबेगाव. पण पूर्वेला आम्ही आणि पश्चिमेला ते. आमच्याकडे ऊस, बटाटा आणि डिंभ्याचं पाणी. त्यांच्याकडे भातखाचरं, डोंगर आणि चार महिने न थांबणारा पाऊस. सकाळच्या एसटीच्या चालकाला जिथे गाव असायचं तिथे गाव दिसलंच नाही, तेव्हा बाहेर कळलं. १५१ माणसं गेली.

आमच्या मोहल्ल्यात घरं मोजकी, पण दोन तासांत टेम्पो भरला. ब्लँकेटं, आटा, बिस्किटांचे पुडे, चादरी. अब्बांनी ईदसाठी आणलेल्या नव्या चादरी घडी न मोडता देऊन टाकल्या. ईद आदल्याच दिवशी झाली होती. मी गोण्या उचलल्या आणि त्याचा अभिमान मला आजही वाटतो.

मग २ एप्रिल २०१७ला आमडे इथल्या जागेवर नव्या माळीणच्या ६७ घरांच्या चाव्या तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते दिल्या गेल्या. भूकंपातही टिकतील अशी घरं म्हणून पेपरात फोटो आले. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि नव्या गावातले रस्ते खचले, भराव सरकला, जागोजागी तडे गेले. ज्यांनी एकदा डोंगर अंगावर येताना पाहिला होता, त्यांनी त्या पावसात रात्री कशा काढल्या असतील? ती बातमी मी मोबाइलवर वाचली. मोहल्ल्यात दोघा-चौघांनी ‘अरेरे’ म्हटलं. या वेळी टेम्पो निघाला नाही, कारण या वेळी ब्लँकेटं लागणार नव्हती. भराव कुणी घातला, तो दाबून घेतला का, हे तपासून सही कुणी केली आणि दुरुस्तीचे पैसे कुणाच्या खिशातून जाणार, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. ते काम आम्हाला येत नव्हतं, आणि आपल्याला ते येत नाही हेसुद्धा कळत नव्हतं.

दोस्तांनो, मदत करण्यात आपली पोरं कुणाला हार जात नाहीत. २०१९च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात आपण होतो. कोरोनात तर सगळे घरात बसलेले असताना आपली मुलं मयती उचलत होती, जातधर्म न विचारता. पण घर, रस्ता, दवाखाना, नळाचं पाणी ही सरकारने द्यायची गोष्ट आहे आणि ती दिली नाही तर विचारायचं असतं, इथे आलो की आपली जीभ जड होते.

आमच्या गावाचं नाव राज्यात माहीत आहे ते दिलीप वळसे पाटलांमुळे. १९९०पासून आंबेगावचे आमदार, अनेकदा मंत्री, २००९ ते २०१४ विधानसभेचे अध्यक्ष. त्यामुळे आमच्याकडे कुठलंही काम अडलं की तोंडात पहिलं वाक्य येतं, ‘साहेबांना सांगू.’ हे मी त्यांच्यावर बोलत नाही, आमच्या सवयीवर बोलतो. मोठ्या नेत्याचं गाव नसलं तरी प्रत्येक गावात एक साहेब, एक भाऊ, एक दादा असतोच. त्याच्याकडून काम झालं की ते उपकार होतात, हक्क राहत नाही. उपकार करणाऱ्याला कुणी हिशोब विचारत नाही. उलट निवडणुकीत तोच आपल्याकडे हिशोब मागतो.

हे मला समजलं ते पुस्तकातून नाही, माझ्या खालाकडून.

खाला दुसऱ्या तालुक्यात राहते. गावाचं नाव लिहीत नाही. नवरा वारल्यापासून आठवडे बाजारात बांगड्या विकते. घर मातीच्या भिंतींचं, वर पत्रा, आणि पावसाळ्यात चूल एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. २०१८च्या आवास प्लस सर्वेक्षणात तिचं नाव आलं होतं. पुढे यादी लागली तेव्हा नावापुढे ‘अपात्र, पक्कं घर’ असा शेरा. ती चार वेळा कार्यालयात गेली. चारही वेळा उत्तर एकच, ‘मावशी, वरून आलंय.’ हे ‘वर’ नेमकं कुठल्या मजल्यावर आहे, ते तिला कुणी सांगितलं नाही.

मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. कोर्ट फीचा दहा रुपयांचा स्टॅम्प. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा असतो, माझ्यासारख्या बोलघेवड्याला ही शिस्त बरी. ‘अन्याय का केला’ असं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर कुणी देत नाही. कागद मागितले: सर्वेक्षणाचा फॉर्म, सोबतचा फोटो, नाव वगळल्याची नोंद आणि यादी मंजूर केल्याचा ग्रामसभेचा ठराव, इतिवृत्त व हजेरीसह. माहिती कशाला हवी, हे अर्जदाराने सांगायची गरज नाही, असं २००५च्या कायद्याच्या कलम ६मध्येच लिहिलं आहे. ३० दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी कागद घरी आले. हे मात्र ठरलेलंच असतं.

फोटोत स्लॅबचं घर होतं, खालाच्या दिराचं. दोन्ही घरं एकाच मिळकतीवर, नमुना ८ अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. कुणीतरी दारात उभं राहून समोर जे दिसलं त्याचा फोटो काढला आणि निघून गेला. एवढीच गोष्ट. यात कट नव्हता, कुणाचा राग नव्हता. पाच मिनिटांच्या आळसात एका बाईची सहा वर्षं गेली.

खरा धक्का पुढच्या पानावर होता. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला कमी असेल तो आकडा. तेवढी माणसं आली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली. आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची गरज नसते. सगळी गोम इथे आहे. आपण जात नाही, सभा तहकूब होते, आणि मग वीस-पंचवीस माणसांत ‘यादी वाचून दाखवली, सर्वानुमते मंजूर’ असं लिहून विषय संपतो. त्या वीस-पंचवीस सह्यांत एक सही खालाच्या पुतण्याची होती. त्याच स्लॅबच्या घरातला मुलगा. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘भाईजान, चहा प्यायला थांबलो होतो, रजिस्टर पुढे केलं, केली सही.’ काय वाचलं? काहीच नाही. त्याच सहीवर त्याच्या चाचीचं घर गेलं होतं.

मला त्याचा राग आला आणि मग माझाही आला. निरगुडसरच्या किती ग्रामसभांना मी गेलो होतो? एकाही नाही.

खाला मात्र गेली. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असं ग्रामपंचायत कायद्यातच आहे, तर आधी त्या सभेला गेली आणि मग १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला. तो फोटो तिने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘हे घर माझं असेल तर चावी द्या, आत्ता राहायला जाते.’ लोक हसले. मग हसू थांबलं, कारण मागून एक धनगर आजोबा उठले आणि त्यांच्या नावापुढे काय शेरा आहे ते वाचून दाखवा म्हणाले. मग बौद्धवाड्यातल्या एक ताई उठल्या. त्या दिवशी फेरतपासणीचा ठराव झाला. नव्या सर्वेक्षणात खालाच्या खऱ्या घराचा, पत्र्यासकट, फोटो गेला आहे. घर अजून मिळालेलं नाही. पैसे मिळाले तरी सपाट भागातल्या घरकुलाला या योजनेचे १ लाख २० हजार मिळतात, त्यात आजच्या भावाने काय बांधून होतं ते गवंड्याला विचारा. तोही एक प्रश्न आहे, पण तो विचारायला आधी यादीत नाव लागतं.

आता तुमच्या मनातलं बोलतो. ‘आपण विचारलं तर वेगळं होतं.’ हो, होतं. मुस्लिम मुलाने प्रश्न विचारला की कधी कधी प्रश्न बाजूला राहतो आणि अर्जावरचं नाव वाचलं जातं. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, मी स्वतः अर्ज टाकताना दोन दिवस थांबलो होतो. पण खालाच्या सभेत मी एक पाहिलं. ती ‘मुसलमान बाईचं घर’ म्हणून बोलली नाही, फोटो चुकलाय एवढंच बोलली. आणि ज्यांचे फोटो चुकले होते ते तिच्या बाजूला येऊन उभे राहिले. ज्याची चूल भिजते त्याला दुसऱ्याची भिजलेली चूल ओळखता येते.

याचा अर्थ आपल्या हिश्श्याचं बोलायचंच नाही असा नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण आराखड्यात देशपातळीवर शक्य तिथवर १५ टक्के निधी अल्पसंख्याकांसाठी राखायचा असं लिहिलेलं आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६चा, आपल्या राज्याच्या महमूद-उर-रहमान समितीचा २०१३चा. दोन्हींवर आपण भाषणं भरपूर ऐकली. पण आपल्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत किती अल्पसंख्याक कुटुंबांना घरकुल मंजूर झालं, हा दहा रुपयांचा प्रश्न पंचायत समितीला किती जणांनी विचारला? अत्तार, तांबोळी, मुलाणी, मणियार, बागवान घरांतल्या कितीजणांकडे ओबीसीचा दाखला आहे, आणि ओबीसींसाठीच्या घरकुल योजनेत किती अर्ज गेले? दुचाकी किंवा फ्रिज आहे म्हणून नाव कापायचा नियम २०२४मध्ये काढला गेला, हे कितीजणांना माहीत आहे? अजूनही लोक ‘आमच्याकडे गाडी आहे, आम्हाला नाही बसत’ म्हणून अर्जच करत नाहीत.

जलशात आपण ती गोष्ट दर वर्षी ऐकतो: भर मशिदीत एक साधा माणूस उठतो आणि खलिफा हजरत उमर यांना विचारतो, सगळ्यांच्या वाट्याला एकेक कापड आलं, तुमच्या अंगावर एवढं कुठून? आणि ते हिशोब देतात. ऐकून आपण सुबहानल्लाह म्हणतो, आणि सोमवारी ग्रामसेवकासमोर हात जोडून उभे राहतो. (त्यांचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय. आपले हात तेच आहेत.)

दाखल्यांसाठी तर हात जोडायचीही गरज नाही. २०१५चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. जन्म-मृत्यूची नोंद, विवाहाची नोंद, नमुना ८चा उतारा, या सेवांना मुदत ठरलेली आहे, आणि कारण नसताना ती चुकवली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज दिला की पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हा अर्ज नसतो, ती विनंती असते.

डोंगराकडे पुन्हा येतो. माळीणनंतर दरडीचा धोका असलेल्या गावांच्या याद्या झाल्या. २२ जुलै २०२१ला महाडजवळ तळिये गेलं, ८०हून अधिक माणसं. वाचलेल्यांना पुढचे पावसाळे कंटेनरच्या घरात काढावे लागले. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली, आणि सरकारनेच विधानसभेत सांगितलं की ती वाडी धोक्याच्या यादीत नव्हती. खालाच्या घराची यादी आणि इर्शाळवाडीची यादी यांत मला आता फार फरक वाटत नाही. दोन्हीकडे कुणीतरी कागदावर एक शेरा मारतो किंवा मारायचा राहतो, आणि तो कागद दुसरं कुणी वाचत नाही.

आमच्या पूर्व भागावर तर याचं देणंच आहे. ज्या डिंभ्याच्या पाण्यावर इकडचा ऊस उभा आहे, त्या धरणात तिकडच्या आदिवासींची गावं गेली. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगावसुद्धा पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. माळीणच्या नव्या घरांच्या भिंतींना आज काय झालंय, रस्त्यांच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला, हे विचारणारा अर्ज निरगुडसरच्या मुसलमान पोरानेही टाकावा. मी या आठवड्यात टाकतोय.

खालाच्या गावात २ ऑक्टोबरला पुन्हा ग्रामसभा आहे. परवा पुतण्याचा फोन आला होता. म्हणाला, ‘भाईजान, सही करायच्या आधी काय मागायचं असतं?’ म्हटलं, मागच्या सभेचं इतिवृत्त माग, आणि ते वाचून होईपर्यंत चहा पिऊ नकोस.