कोरड्या जमिनीवरचे वल्हे

चकल्यांचा डबा तळाला गेला की घरोघरी व्यायामाची आठवण होते. पूर्वी ही आठवण जोरबैठकांपाशी थांबे. आता ती हप्त्याने घेतलेल्या यंत्रापर्यंत जाते. त्यांतलेच एक रोइंग मशीन. भिंतीलगत आठेक फूट जागा अडवणारे हे प्रकरण आपण पाहिले असेलच. लांब रूळ, त्यावर मागेपुढे सरकणारी बैठक, पाय बांधायच्या पट्ट्या, पुढे पंख्याचे चाक आणि साखळीला जोडलेली मूठ. पहिले चार दिवस घरातले सगळे त्यावर बसतात, पाचव्या दिवशी कंबर धरतात, आणि सहाव्या दिवसापासून त्यावर टॉवेल वाळू लागतात.

यंत्राचा यात काही अपराध नसतो. समोर मूठ दिसली की माणूस ती हातांनी ओढतो, सारे बिघडते ते इथे.

उजनीच्या पाण्यावर पक्षी दाखवायला नेणारा होडीवाला वल्हे मारतो तो हातांनी आणि पाठीने, कारण त्याची बैठक पक्की असते. शर्यतीच्या नावेत बैठक सरकते. ती सरकते एवढ्याचसाठी, की माणसाच्या अंगातले सर्वांत दांडगे स्नायू, म्हणजे मांड्यांचे, कामाला लागावेत. घरातले यंत्र या दुसऱ्या नावेची नक्कल आहे.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या वरकुट्याच्या वडीलधाऱ्या मंडळींना हे समजवायला फार वेळ लागू नये. त्यांनी मोट पाहिलेली आहे. बैल धावेवरून उतरू लागले की मोटकरी नाड्यावर बसे. हाताने ओढण्याच्या फंदात तो पडत नसे. आपले वजन तो दोराला देई. दोर मात्र आधी ताणलेला हवा. ढिल्या नाड्यावर बैलांनी धाव घेतली तर हिसका बसतो, पाणी येत नाही. यंत्रावरही हात म्हणजे फक्त नाडा. तो ताठ राहावा, ओढणारे पाय असावेत.

आता एक हात कसा मारायचा ते पाहू. पुढे सरकून बसावे. नडग्या जवळजवळ उभ्या, हात सरळ, खांदे कमरेच्या थोडे पुढे. वाकायचे ते खुब्यातून. पाठीचा कुबडा करून नव्हे. मग पायांनी पट्टी ढकलावी, जणू जमिनीवरून उठायचे आहे. या वेळी बैठक आणि मूठ बरोबरच मागे गेली पाहिजेत. पुष्कळांची बैठक भर्रकन मागे जाते आणि मूठ जागच्या जागी राहते. मग उरलेला सारा भार बिचाऱ्या कमरेवर पडतो, आणि पाचव्या दिवशीचे दुखणे येते ते असे. पाय सरळ होत आले की धड घड्याळातल्या अकराच्या काट्याइतके मागे झुकवावे, आणि अगदी शेवटी कोपरे वाकवून मूठ बरगड्यांच्या खालच्या कडेपाशी आणावी. हनुवटीपर्यंत नव्हे! मनगटे सरळ, मूठ बोटांत अडकवायची, आवळायची नाही.

परतताना क्रम उलटा: आधी हात सरळ, मग धड पुढे, मग गुडघे. गुडघ्यांनी घाई केली तर मूठ त्यांच्यावरून उडी मारून न्यावी लागते. समोर बसून पाहणाऱ्या पोरांची करमणूक होते एवढेच. आणि परतायचे सावकाश. ढकलायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट परतीला. बैल विहिरीकडे मागे मागे येत, तेव्हा मोटकरी त्यांना पिटाळत नसे, कारण मोट पाण्यात नीट बुडल्याशिवाय भरत नाही. नवशिक्याने मिनिटाला वीस-बावीस हात मारले तरी पुष्कळ.

कोरड्या जमिनीवर वल्हवणे हा आधुनिकांचा चाळा आहे असे मात्र कुणी समजू नये. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अथेन्सचा सेनापती खाब्रियास याने नवख्या वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावरच लाकडी चौकटींवर बसवून शिकवले होते. आजचे पंख्याचे यंत्र अमेरिकेतल्या ड्रायसिगॅकर बंधूंनी 1981 साली बाजारात आणले, तेही सायकलच्या चाकापासून.

आणि कोरड्या मुलखाचे म्हणाल, तर नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे दुष्काळाशी झुंजणारे गाव. तिथले दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदत. 2012 साली ते सैन्यात गेले, उंची पाहून त्यांना नौकानयनात घेतले गेले. पाण्याची तर त्यांना आधी भीतीच वाटे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नावेत ते तेरावे आले, आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्णपदक घेऊन परतले. वरकुट्यासारख्या गावांतून शहरातल्या महाविद्यालयांत येणारी उंच, काटक पोरे पाहिली, की व्यायामशाळेतले ते यंत्र त्यांना कुणीतरी नीट दाखवावे असे मला फार वाटते.

आता चाकाच्या बाजूच्या खिट्टीविषयी. तिच्यावर एक ते दहा आकडे असतात, आणि आपल्याकडचे पुरुष बसण्याआधीच ती दहावर नेतात. दहा म्हणजे अधिक व्यायाम नव्हे. दहा म्हणजे जड नाव. तीन ते पाचवर ठेवावी. जोर पंखाच मागून घेतो: वेग दुप्पट करायचा तर आठपट शक्ती लागते, मग खिट्टी कुठेही असो. पहिला आठवडा पाच-दहा मिनिटे पुरेत. ज्यांच्या मणक्याची चकती सरकलेली आहे किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि घरात कुणी बसले असेल तर त्याला एका बाजूने पाहावे: साखळी जमिनीला समांतर, सरळ रेषेत जात-येत असेल तर ठीक चालले आहे, लाटेसारखी वरखाली होत असेल तर त्याचे गुडघे हातांच्या आधी उठताहेत.