शिबिर एका दिवसाचं, बीपी आयुष्यभराचा

१४ एप्रिल आला की जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत बीपी-शुगर तपासणीची शिबिरं लागतात. मशीन येतं, चिठ्ठी मिळते, फोटो निघतात. पण ज्याचा बीपी वाढलेला निघाला, त्याला दुसऱ्या दिवशी गोळी मिळाली का? हे कोणी विचारत नाही.

शेवटची अनेक वर्षं मधुमेहाशी झगडणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. आजार नशिबाचा भाग, असं आपण तरी म्हणू नये.

चाळिशी ओलांडलेली, तंबाखूची सवय, बीपी आणि शुगर दोन्ही. अशा माणसाला हार्टअटॅक आणि लकव्याचा धोका सगळ्यात जास्त. तो टाळायला मोठं हॉस्पिटल लागत नाही. रोजची गोळी, नियमित मोजणी आणि पाठपुरावा लागतो. हे काम प्राथमिक आरोग्य केंद्राचं आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरतात. तंबाखू, कंबरेचा घेर, घरातले आजार, सगळं त्यात असतं. फॉर्म भरल्यावर पुढे काय, हा खरा प्रश्न आहे.

चाळीसगाव-साक्रीकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. हातात महिन्याची गोळी आणि हंगाम पाच महिन्यांचा! मग गोळी बंद पडते, दोष मात्र रुग्णाला.

संविधानाच्या कलम ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे. म्हणून शिबिरातली नावं वहीत लिहा. दर महिन्याला त्यांच्यासोबत उपकेंद्रात जा. औषध नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी निवेदन द्या, पोच घ्या. ऊसतोडीला निघणाऱ्यांना जादा गोळ्या आणि कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालणारं कार्ड मागा.

जयंती वर्षातून एकदा येते, गोळी रोज लागते.

जय भीम!